उंबरसांगवीच्या वेशीतून

एखादं गाव हरवतं म्हणजे काय होतं, हे या फेब्रुवारीपर्यंत मला माहीत नव्हतं. इरा आणि अर्णव, तुम्हाला तर ते माहीत असण्याचं कारणच नाही. तुमच्याकडे बर्फ वितळला की गेल्या वर्षीचा रस्ता जिथल्या तिथे सापडतो. म्हणून सोलापूर जिल्ह्यातून परत आल्यावर, पिशव्या रिकाम्या करून, कपडे धुऊन, सगळं जागच्या जागी ठेवून मी तुमच्यासाठी हे लिहायला बसले आहे. शब्द अडला तर आईला विचारा, पण वाचा मराठीतच.

गौरीमावशी तुम्हाला आठवत असेल. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, तुमच्या आईची मावसबहीण. ती कॉलेजात पुरातत्त्व शिकवते, आणि तिचं खास काम म्हणजे जमिनीत गाडली गेलेली जुनी गावं आकाशातून शोधणं. तुमच्या घरामागच्या हिरवळीवर कुंडी ठेवली होती आणि ती उचलल्यावर खाली पिवळं वर्तुळ उरलं होतं, आठवतं? तसंच हे. शेतात खाली जुनी दगडी भिंत असेल तर वर माती कमी, ओल कमी. तिथलं पीक खुजं राहतं आणि लवकर पिवळं पडतं. खाली जुना खड्डा किंवा भरून आलेली विहीर असेल तर माती खोल, ओल जास्त, आणि तिथलं पीक उंच आणि हिरवं. बांधावर उभं राहून हे कळत नाही. वरून बघितलं तर कळतं.

आपल्याकडच्या जुन्या सरकारी कागदांत अशा ओस पडलेल्या गावांसाठी एक शब्द असतो: बेचिराख. जिथे दिवा लागत नाही ते. करकंब आणि अकलूज यांच्या मधल्या भागात उंबरसांगवी नावाचं एक बेचिराख गाव होतं. नाव राहिलं, नक्की जागा कुठल्याच कागदात नाही. गौरीच्या अंदाजाने ते सहाशे-सातशे वर्षांपूर्वी भरलेलं असावं. उपग्रहाच्या चित्रात तिला तिथे दोन-तीन पुसट रेघा दिसल्या होत्या. तिच्याबरोबर येणारी सहकारी आयत्या वेळी आजारी पडली आणि गौरीचा मला फोन आला.

"मावशी, चल माझ्याबरोबर. छत्री धरायला कुणीतरी हवं."

मला वाटलं ती थट्टा करते आहे. पण खरंच माझं काम तेच होतं. ड्रोन वर गेला की तो काय बघतो ते खाली टॅबवर दिसतं, आणि सोलापूरच्या उन्हात सावली धरल्याशिवाय टॅबवर स्वतःच्या चेहऱ्याखेरीज काही दिसत नाही.

शुक्रवार, वस्तीवर

अकलूज सोडलं की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. श्रीपूरच्या कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि अधूनमधून बैलगाड्या, इतक्या भरलेल्या की बैल दिसेपर्यंत वाटावं ऊसच चालतो आहे. मोळीतून सुटलेल्या कांड्या रस्त्यावर पडलेल्या असतात आणि चाकाखाली फुटून त्यांचा गोड आंबूस वास येतो. मग एका वळणावर ऊस संपतो आणि ज्वारी सुरू होते. रंगच बदलतो. हिरव्यातून आपण एकदम पिवळसर, कोरड्या, सळसळणाऱ्या रानात येतो.

आमचा मुक्काम हिराबाईंच्या वस्तीवर होता. वस्ती म्हणजे गावापासून लांब, शेतातच बांधलेलं घर. हिराबाई माझ्याच वयाच्या. नऊवारी, कपाळावर गोंदण, चालणं माझ्यापेक्षा कितीतरी चपळ. त्यांचा मुलगा दत्ता आणि सून सविता. पुण्यात आपण पाहुण्याला पाणी देऊन "चहा घेणार ना?" असं विचारतो. इथे विचारणं नाही. पहिला चहा उभ्याउभ्या आणि दुसरा टेकल्यावर. दुसरा नको म्हटल्यावर हिराबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"का वो आक्का, साखर हाय का अंगात?"

"नाही, तसं काही नाही."

"मग घ्या की. साखरंच्या मुलखात येऊन चहा नको म्हंत्यात!"

आमच्या गाडीतून ड्रोनची पेटी उतरताना पाहून पलीकडच्या रस्त्याने जाणाऱ्या मोटारसायकली थांबायला लागल्या. "कुणाचं लगीन हाय?" हा एकच प्रश्न. या भागात ड्रोन म्हणजे लग्नाचं शूटिंग. दत्ता सगळ्यांना तेच उत्तर देत होता, "आयेचं." हिराबाई घरातून ओरडायच्या, "नवरा दाव की मग आदी!"

पण हसण्यामागे या घरात एक वाद पेटलेला होता आणि जेवायला बसताच तो बाहेर आला. नव्या पाइपलाइनीने दत्ताच्या रानात पाणी आलं होतं. त्याला जिरायत ज्वारी पुरे झाली होती, आता ऊस करायचा होता. सोमवारी ज्वारीची काढणी आणि मंगळवारी जेसीबी येऊन सगळं रान सपाट करणार, असं ठरलं होतं. मशीनवाल्याच्या मागे इतकी कामं होती की ही तारीख गेली तर पावसाळ्यानंतरच पाळी येणार.

हिराबाईंची हरकत उसाला नव्हती, देवाच्या जागेबद्दल होती. त्यांच्या सासरची मंडळी मूळ उंबरसांगवीची. गाव उठलं तेव्हा लोकांनी जाताना देवाचा दगड बरोबर नेला. तो आता शेजारच्या गावच्या देवळात आहे. पण मूळ जागा मागे राहिली, आणि या भागात मूळ जागेचा मान देवापेक्षा कमी नाही. दर वर्षी ज्वारी काढण्याआधी हिराबाई "पांढरीला" नैवेद्य दाखवतात. पांढरी म्हणजे गाव वसतं ती जमीन. पिकते ती काळी, वसते ती पांढरी. देवळाची जागा नक्की माहीत नसल्यामुळे नैवेद्य बांधावरच्या लिंबाखाली ठेवतात.

"देवाच्या जागंवर मशीन चालू देणार न्हाय मी," हिराबाई म्हणाल्या.

"आये, मी न्हाय म्हंतोय का? जागा दाव. दाव की! दावलीस तर तेवढी सोडतो. पर आख्ख्या रानाला देव म्हणून कसं चालंल?"

मग दोघांनी एकदम गौरीकडे पाहिलं. ती शेंगदाण्याच्या चटणीत भाकरी बुडवत होती, तिचा हात तसाच थांबला. आपण एक अभ्यास करायला आलो आहोत असं ती समजत होती. इथे तर मायलेकांनी तिला पंच नेमलं होतं.

शनिवार, खापरांचं शेत

गौरी पावसाळ्यात एकदा येऊन गेली होती तेव्हाच तिने जागा हेरून ठेवली होती. दत्ताच्या रानाचा वरचा तुकडा. तिथे पाऊल ठेवलं की खापर. लाल, काळी, काठाला नक्षीच्या रेघा असलेली, मडक्यांची आणि परळांची खापरं, एखाद्या घरात सगळी भांडी एकदम फुटावीत तशी मातीत मिसळलेली. मी एक उचललं. त्याच्या आतल्या बाजूला बोटांचे ठसे होते, ओल्या मातीवरून फिरलेल्या बोटांचे. माझं बोट त्या खोबणीत बरोबर बसलं. ते मडकं घडवणारी व्यक्ती आणि मी यांच्यामध्ये फक्त ती पातळ पापडासारखी खापरी होती.

"इथेच," गौरी म्हणाली. "इथे नाही तर कुठे?"

ड्रोन वर गेला. मी छत्री धरली. टॅबवर ज्वारीचं शेत दिसलं: एकसारखं, सलग, सतरंजीसारखं. कुठे पिवळी रेघ नाही, कुठे हिरवा डाग नाही. गौरीने उंची बदलली, दिशा बदलली, दुपारी एकदा आणि उन्हं कलल्यावर पुन्हा उडवून पाहिलं. एका घारीला आमचं यंत्र अजिबात आवडलं नाही. ती त्याच्याभोवती असे फेरे मारू लागली की गौरीने घाईघाईने ते खाली आणलं आणि ते बाभळीत अडकलं. दत्ताने आकडीच्या काठीने ते काढलं. पेरू काढावा तसं.

"मॅडम, गाव घावलं का?"

"नाही," गौरी म्हणाली. तिचा आवाज मी तिच्या लहानपणापासून ओळखते. रडू आलं की ती एका शब्दात उत्तर देते.

संध्याकाळी ओट्यावर बसून ती दिवसभराची चित्रं पुन्हा बघत होती. मी शेजारी बसून शेंगा सोलत होते. अचानक तिने मला दोन चित्रं दाखवली. एक मागच्या वेळी, पेरणीपूर्वी, उघड्या रानाचं घेतलेलं. त्यात खापरांमुळे वरच्या तुकड्याची माती जरा फिकट, राखाडी दिसत होती. तो फिकट भाग बांधापर्यंत आला होता आणि बांधाशी सुरीने कापल्यासारखा संपला होता. चारही बाजूंनी.

"मावशी, गाव बांध बघून थांबतं का गं? बांध तर आत्ताचा आहे."

मला कळायला एक क्षण लागला. म्हणजे ही खापरं इथे फुटलेली नव्हती. कुणीतरी आणून टाकलेली होती. तिने दत्ताला हाक मारली.

"दत्ताभाऊ, या वरच्या तुकड्यात बाहेरून माती टाकली होती का कधी?"

"टाकली की. आज्यानं टाकली, बानं टाकली. गाड्या भरभरून. पांढरीची माती लई ताकदीची असती, खतापरीस भारी."

"आणि आम्हाला बोलला नाहीत?"

"तुमी कुटं इचारलं? तुमी म्हणाला खापरं कुटं हायेत, मी दावली."

त्यावर गौरी खो-खो हसायला लागली आणि हसताहसता तिने डोळे पुसले. माणसं जिथे शेकडो वर्षं राहतात तिथली माती राख, शेण, जनावरांचा गोठा, पडलेल्या मातीच्या भिंती यांनी कसदार होते. गाव उठलं की आसपासचे शेतकरी तीच माती वाहून आपल्या काळीत घालतात, धाब्याच्या घरांच्या छतावर पसरतात. आम्ही मडक्यांच्या मागोमाग आलो होतो आणि मडकी मात्र खताबरोबर गाडीत बसून भलतीकडे गेली होती.

"मग ती माती आणली कुठून?" मी विचारलं.

दत्ताने हनुवटीने खालच्या रानाकडे दाखवलं. बांधाच्या खाली, बाकी शेतापेक्षा हातभर खोल गेलेला, मोठ्या परातीसारखा भाग. गौरी इतके दिवस एखादं टेकाड शोधत होती, कारण पुस्तकात जुनं गाव नेहमी टेकाडावर असतं. ते टेकाड लोकांनी पिढ्यान्पिढ्या वाहून नेलं होतं आणि त्याचा खळगा झाला होता.

रविवार, सकाळ

उन्हं तिरपी असताना निघायचं होतं, म्हणून सविताने पहाटेच धपाटे करून फडक्यात बांधून दिले. खालच्या रानाच्या बांधावर मी, गौरी आणि दत्ता उभे राहिलो. हिराबाई मागून आल्या. ड्रोन माशीसारखा गुणगुणत वर गेला आणि मी छत्री उघडली.

आधी नुसती ज्वारी दिसली. मग गौरीने तो आणखी वर नेला, आणि मुलांनो, त्यानंतर काय झालं ते मला नीट लिहिता येईल की नाही कोण जाणे.

फोटोचा कागद रसायनात बुडवला की पूर्वी चित्र हळूहळू उमटायचं. तुमच्या पणजोबांच्या अंधाऱ्या खोलीत मी लहानपणी ते पाहिलं आहे. तसं त्या पिकातून एक गाव वर आलं. आधी एक मोठा, वाकडातिकडा पिवळा गोल: गावाची तटबंदी, म्हणजे गावकूस. मग त्याच्या आत बारीक पिवळ्या रेघा, एकमेकींना काटकोनात मिळणाऱ्या. भिंती. खोल्या. खोल्यांना चिकटून खोल्या. त्यांच्यामधून हिरवट पट्टे वळत जात होते, त्या गल्ल्या. घरांच्या बाजूला गर्द हिरवे ठिपके होते, अगदी गोल, कुणी बोट टेकवल्यासारखे. गौरी नुसती बोट दाखवत होती.

"पेवं," ती शेवटी म्हणाली. जमिनीत धान्य साठवायच्या त्या कोठ्या. भरून आलेल्या पेवांवर आज ज्वारी सगळ्यांत उंच वाढली होती.

मी छत्री धरली होती, पण वारा तिला हिसके देत असल्यामुळे सावली हलत होती आणि गाव दिसे, लपे, पुन्हा दिसे. मी आयुष्यात मोठमोठी देवळं पाहिली, तुमच्याकडे येऊन उंच इमारती पाहिल्या. पण असं काही पाहिलं नव्हतं. समोर नजर टाकली तर रानात काहीही नाही, वाऱ्यावर डुलणारी कणसं आणि त्यांवरून उडणारे चिमण्यांचे थवे. खाली मान घातली की त्याच जागी गल्ल्या, घरं, अंगणं. दोन्ही खरं.

हिराबाई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. मग म्हणाल्या,

"आमचं घर कंचं वो?"

गौरी म्हणाली, "आजी, ते नाही सांगता येत."

"बरं असूदे. हायेत तर सगळीच." आणि त्यांनी टॅबवरच्या घरांवरून, काचेला न लावता, हात फिरवला.

गावकुसाला पूर्वेकडे एक खिंड होती, दोन्ही बाजूंना जाड पिवळे ठिपके. ती वेस. वेशीतून निघालेली गल्ली दोन वळणं घेऊन एका मोकळ्या चौकात जात होती, आणि चौकात एकटंच, कुणाला न चिकटलेलं, जाड भिंतींचं एक लहान चौकोनी बांधकाम. तोंड उगवतीला.

"देऊळ असावं," गौरी म्हणाली. "खणल्याशिवाय छातीठोकपणे सांगणार नाही. पण असावं."

दत्ताने टॅब जवळ घेतला, रानाकडे पाहिलं, परत टॅबकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"हे तर टेंगूळ हाय."

खालच्या खळग्याच्या मधोमध एक उंचवटा होता. त्याला तो टेंगूळ म्हणायचा. पाणी तिथे चढत नाही, पीक तिथे धड येत नाही, आणि जेसीबी मुख्यतः त्याच्यासाठीच सांगितलेला होता. सगळीकडची माती गाड्यांनी गेली, पण तेवढी जागा कुणी खणली नव्हती.

"मामंजी म्हणायचे, हितली माती उचलायची न्हाय," हिराबाई म्हणाल्या. "का ते त्यास्नीबी ठावं नव्हतं. त्यांच्या बानं सांगितलं म्हणून. आन मी येडी लिंबाखाली निवद ठेवतीया इतकी वर्सं!"

"आये, दुसरीकडं कुटंबी असतं तर सोडलं असतं," दत्ता म्हणाला. "हे मधी ठेवलं तर सरी कशी पाडू? पाणी कसं फिरंल? आन मॅडम तर म्हंत्यात, असावं. असावं म्हंजी न्हाईबी असंल."

"तू बोलला व्हतास, दाव म्हणून."

"बोललो व्हतो."

एवढंच म्हणून तो निघून गेला. गौरीची मान खाली गेली होती. तिला शंभर टक्के सांगता येत नव्हतं, आणि खोटं तिला बोलायचं नव्हतं. बाकीच्या गावाची तिला काळजी नव्हती. खळगा भरायला मशीन वरच्या रानाची माती त्यावर पसरणार होतं, त्यामुळे जुन्या भिंती उलट आणखी सुरक्षित झाकल्या जाणार होत्या. पण टेंगूळ मात्र आधी खरवडलं जाणार होतं.

रविवार, दुपार उतरल्यावर

जेवताना कुणी फारसं बोललं नाही. हुलग्याचं माडगं होतं, गरम आणि तिखट, आणि पुण्यात आपण करतो त्याच्या दुप्पट जाडीची भाकरी. सविताने मला हळूच सांगितलं, "आत्या आन हे असं गप बसले की मला भांडणापरीस भ्या वाटतं."

पुरणाचा वास मात्र सकाळपासून येत होता. हिराबाईंनी नैवेद्याचं ताट भरलं, वर फडकं टाकलं आणि गौरीसमोर उभ्या राहिल्या.

"पोरी, तुजं पाखरू उडव. मी वेशीतनं आत जाते. रस्ता वरनं सांगा."

आम्ही पुन्हा बांधावर. हिराबाईंनी मोबाइल पदराच्या गाठीत बांधून कानाजवळ लोंबता ठेवला आणि त्या रानाला वळसा घालून पूर्वेकडे गेल्या. दत्ता यायचा नाही असं मला वाटलं होतं, पण त्याच्याशिवाय फोन धरणार कोण? तो आला आणि टॅबकडे न बघता उभा राहिला. गौरी ड्रोन सांभाळत होती. रस्ता सांगायचं काम माझ्याकडे आलं.

टॅबवर एक लाल ठिपका वेशीपाशी थांबला. त्यांचं लुगडं. ठिपक्याने वाकून जमिनीला हात लावला आणि तो आत शिरला. किती शतकांनी कुणीतरी त्या वेशीतून गावात पाऊल टाकत होतं!

"सरळ," मी म्हणाले. दत्ताने फोनमध्ये सांगितलं, "सरळ ये."

"आता उजवीकडे."

ठिपका वळला आणि थेट एका पिवळ्या रेघेत घुसला. माझ्या लक्षात आलं, त्या आमच्या दिशेने तोंड करून येत होत्या. माझी उजवी ती त्यांची डावी.

दत्ता एकदम ओरडला, "आये, थांब थांब! भिंतीत शिरलीस!"

फोनमधून हिराबाईंचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "आगं बया! व्हय की, हितं ज्वारी बुटकी हाय, गुडघ्याला लागतीया." आणि तो लाल ठिपका मागे सरला. दोन पावलं मागे येऊन गल्लीत उभा राहिला.

खरं म्हणजे समोरून आडवं गेलं असतं तर देऊळ हाकेच्या अंतरावर होतं. मध्ये फक्त उभं पीक. दत्ताने तेच सांगितलं, "आये, आता सरळ आडवी ये, भिंत कसली, ज्वारीच हाय ती."

"आन ते घर हाय की कुणाचं तरी! लोकांच्या घरातनं कशी जाऊ पायतानासकट? रस्ता सांग नीट."

दत्ताने फोन तसाच कानाशी धरला. त्याने टॅब स्वतःकडे वळवला आणि मला म्हणाला, "मावशी, ऱ्हाऊद्या. मी सांगतो."

मग तो सांगत गेला. "डावीकडं. हां. आता चार पावलं. हितं दोनी बाजूंनी घरं हायेत, मधनं ये. पेव हाय उजव्या अंगाला, हिरवी ज्वारी लागंल बघ, उंच." तिकडून उत्तर यायचं, "लागली. लई उंच हाय, आभाळ दिसंना." तो लाल ठिपका त्या गल्लीतून वळत गेला, एकाही पिवळ्या रेघेला न शिवता. चौकात आला. देवळाच्या दाराशी थांबला आणि तिथे बसला. बराच वेळ हलला नाही. गौरीने हळूच माझा हात धरला. छत्री कधी मिटली गेली होती कुणास ठाऊक, पण उन्हं उतरली होती, सावलीची गरज उरली नव्हती.

परत येतानाही हिराबाई वेशीतूनच बाहेर पडल्या. आमचा बांध जवळ होता, तरी. त्या लांबून वळसा घालून येईपर्यंत दत्ताने मशीनवाल्याला फोन लावला.

"मधलं टेंगूळ काढायचं न्हाय. ... न्हाय, काढायचंच न्हाय. ... अरे वाकडं तर वाकडं. सरी वळवून घेईन. ... देवाचं हाय. ... व्हय, सापडलं."

सोमवार

सोलापुरात रब्बीची ज्वारी विळ्याने कापत नाहीत, मुळासकट उपटतात. हे मला नवीन होतं. सकाळीच बायकांची टोळी आली. कमरेत वाकून, दोन्ही हातांनी धाटं धरून, झटक्याने माती झाडून पेंढ्या आडव्या टाकत ओळीने पुढे सरकत होत्या, तोंडाने सतत चेष्टा चालू. एकीने मला हाताला धरून ओळीत उभं केलं. मी जेमतेम एक धाट उपटलं आणि मागे बसले. सगळ्या हसल्या. "आक्का, तुमी पेनच धरा," हिराबाई म्हणाल्या.

सुरुवात त्यांनी वेशीपासून करवली होती. गौरी वरून चित्रं घेत होती आणि मी छत्री धरून बघत होते. आधी वेस गेली, मग वेशीजवळची घरं. पेवांचे हिरवे ठिपके एकेक करून विझले. ज्या गल्लीतून काल हिराबाई चालत गेल्या ती दुपारपर्यंत नाहीशी झाली. हे गाव आता ज्वारीत पुन्हा कधी उमटणार नाही. वर माती पडेल, त्यावर ऊस होईल, आणि उसातून काही दिसत नाही. गौरी म्हणाली, "खाली सगळं राहील मावशी, कुणीतरी कधीतरी खणेपर्यंत." मी मान डोलावली, पण टॅबवरून नजर काढवेना.

आम्ही पेटी गाडीत ठेवली तेव्हा रान काळं, मोकळं झालं होतं आणि बायका पेंढ्या रचत होत्या. मधल्या उंचवट्यावरची खुजी, पिवळी ज्वारी मात्र तशीच उभी होती. टोळीतली एक बाई तिकडे वळली तसा दत्ताने तिला लांबून आवाज दिला.

"ती ऱ्हाऊद्या, काकू. तितं पायतान काढून जावं लागतंय."